टँकरवाल्याचा तोरा

लातूर

सौ. शिवकन्या,

सिद्धेश्वराच्या कृपेनं मी सुखरूप आहे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपायाचं काम बरं चाललंय. आईचे गुडघे कसे आहेत? या दुष्काळात म्हशीला पाणी पुरतं ना?

पाण्यावरून आठवलं. तू लिहिलंस, टँकरवाला नरसिंग भर रांगेत म्हणतो, "वैनी, तुमची घागर आणा आधी." शेजारची कोंडाबाई म्हातारी आहे, तिला का म्हणत नाही?

टँकर म्हणजे असं काय मोठं, म्हणून इथल्या इंग्रजीच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, टँक म्हणजे पाण्याचा हौद, आणि लढाईतला रणगाडाही. पण मूळ शब्द आपल्याकडचाच, टाकं. साहेबानं तो इथूनच उचलला म्हणतात. म्हणजे पाणी सरकारचं, शब्द आपला. मग नरसिंगचं त्यात काय आहे, एवढं फुगायला?

सकाळी पिंडीवर तांब्या वाहताना देवाचं नाव घ्यावं, तर मनात नरसिंगच येतो.

शनिवारी रजा काढून येतोय. घागर घेऊन रांगेत मीच उभा राहीन. मग बघू, कुणाची आधी भरतो.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
निवृत्ती