भिंगऱ्या उतरतात तेव्हा

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान उतरवताना इतकी कटकट केली, जसं काही कपाट जन्मभर त्यालाच वाहायचं होतं. पण घर बघितलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत क्वार्टर मिळतं हे माहीत होतं, असं मिळेल हे स्वप्नातही नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे तलावाकडे तोंड केलेली लांब गॅलरी. बाबांची चाकाची खुर्ची तिथे ऐसपैस मावते. काम म्हणजे पाण्याची पातळी बघायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा-बंद करायचा. माझ्या आधीचा ऑपरेटर म्हणे कुणाला न सांगताच गेला. त्याचं नशीब, माझं काय जातंय?

संध्याकाळी बाबांना गॅलरीत बसवलं. तलावाकाठी पुरुषभर उंचीचं पाणकणीस आहे. सूर्य टेकला आणि भिंगऱ्या, दुभंगल्या शेपटीची ती चिमणीएवढी पाखरं, यायला लागल्या. आधी चार-दोन, मग आभाळ दिसेना इतक्या. गोल गोल फिरल्या आणि एकदम सगळ्या पाणकणसात उतरल्या. आणि बाबांचे डोळे त्यांच्याबरोबर फिरत होते! अर्धांगाचा झटका आल्यापासून हे डोळे समोरच्या भिंतीवरून हलले नव्हते. मी चक्क रडले. बाबा पुन्हा बोलायला लागावेत, बस, मला आयुष्यात दुसरं काही नको.

७ ऑक्टोबर
गाव भलतंच गमतीचं आहे. दिवस कलला की कुणी स्वस्थ बसत नाही. न्हावी रिकाम्या हवेत कात्री चालवतो. औषधवाला दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालतो. म्हातारी माणसं डुलत्या खुर्चीत झुलतात आणि आजाऱ्यांच्या खाटा घरचे हलवत बसतात. शेजारच्या शिंपीणकाकू तर मशीनवर कापड नसतानाही पाय मारत राहतात. मी थट्टेने विचारलं, काकू, वाऱ्याचा झगा शिवताय का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाखरं उतरायच्या वेळी माणसानं हलतं राहावं, जे हलत नाही त्यावर ती बसतात. वर बाबांकडे बघून म्हणाल्या की यांनाही तेवढा वेळ हलवत जा.

माझं डोकंच फिरलं. मान जराही हलू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी मला बजावलंय, आणि या मला शहाणपण शिकवणार! आजपासून बाबांना छातीशी आणि कपाळाशी पट्टेही बांधलेत. आता कसे ताठ बसतात.

११ ऑक्टोबर
व्हॉल्व्ह बंद करून आले तर बाबांच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर भिंगऱ्या. तारेवर बसतात तशा ओळीने. बाबांचे ओठ हलत होते. किती बरं वाटलं असेल त्यांना! अंधार पडला तरी एकही उठली नाही, म्हणून मग मीही बाबांना तिथेच पांघरूण घालून राहू दिलं. शिंपीणकाकूंनी बघितलं आणि धाडकन खिडकी लावून घेतली. लावा. दुसऱ्याचं चांगलं कुणाला बघवतं?

१४ ऑक्टोबर
बाबांच्या घशातून आवाज आला! शब्द नव्हे, बारीक चिवचिवल्यासारखा, पण आवाज! धाकट्याला लगेच फोन केला. भाऊ असला म्हणून काय झालं, त्याचं आपलं नेहमीचंच. ताई, फार आशा धरू नकोस म्हणाला. मी ऐकून घेतलं नाही. आंघोळीला बाबांना आज एकटीनेच उचललं. इतकी ताकद माझ्यात आली कुठून? इथली हवा आम्हा दोघांनाही मानवली म्हणायची.

१६ ऑक्टोबर
ताकद माझ्यात आलेली नाही. बाबाच हलके झालेत. लहान पोराएवढे. जेवण नेहमीइतकंच आहे. पाठीला साबण लावताना थोपटलं तर रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखं वाजलं.
दिव्याभोवती चिलटं फिरत होती. बाबांचे डोळे त्यांच्यामागे. तोंड उघडं. एक चिलट आत गेलं आणि त्यांनी चटकन तोंड मिटलं.
मला भीती वाटते आहे. लिहूनच टाकते.

१७ ऑक्टोबर
शिंपीणकाकूंचे पाय धरले. त्या मशीन चालवता चालवता बोलत होत्या. आधीचा ऑपरेटर पाय मोडून याच गॅलरीत पडून होता. एका सकाळी पाखरं उठली आणि खाटेवर नुसते कपडे उरले, गुंड्या लावलेले. एकदा जागा सापडली की ती सोडत नाहीत, रोज येऊन माणूस थोडा थोडा नेतात, म्हणाल्या. पार काळोख होईपर्यंत बसू दिलं नाही, तर तेवढ्या दिवसापुरती परत जातात.
आणि मी बांधून ठेवलं. माझ्या हातांनी. घट्ट.
धाकट्याला सांगितलं, गाडी घेऊन ये, आम्हाला ने. परवा येतो म्हणाला.

१८ ऑक्टोबर
पट्टे काढले. बाबांना आत आणलं, दारं-खिडक्या लावल्या. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून आल्या. खोलीभर झाल्या. मी खुर्ची मागे-पुढे, मागे-पुढे— एकीलाही टेकू दिलं नाही. काळोख झाल्यावर गेल्या.
बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने. मी त्यांचं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं.
माझे हात उचलवत नाहीत. उद्याची एक संध्याकाळ, बस.

१९ ऑक्टोबर
धाकट्याची गाडी वाटेत बंद पडली. रात्री पोचेल. रात्री!

संध्याकाळ— चाक उंबरठ्यात अडकलं. खुर्ची उलटली, माझ्या पायांवर. लोखंडी आहे, हलत नाही. टेबल कलंडलं, वही-पेन हाताशी पडलं. बाबा पलीकडे पडलेत. हात पोचत नाही. वीतभर कमी पडतो—

ओरडले. काकूंचं मशीन ऐकू येतंय. त्यांनाही थांबता येत नाही—

बाबा, हला. बोट तरी हलवा, बाबा—

बसल्या. सदरा दिसत नाही इतक्या. बाबा चिवचिवतायत. हसल्यासारखं. कधीचे असे हसले नव्हते—

उठल्या. सदरा जमिनीला लागला. सपाट. आत कुणी नाही. आत कुणी—

माझ्या पायांवर बसतायत. पाय हलत नाहीत. हात हलतोय. लिहितेय तोवर हातावर नाही बसत. धाकटा येईपर्यंत लिहायचं. काहीही लिहायचं. पाणी व्हॉल्व्ह पाणी व्हॉल्व्ह—

एक भिंगरी सारखी मनगटाशी येते. टेकायला बघते, हात हलतो, उडते. पुन्हा येते. दमली आहे. बाकीच्यांसारखी नाही. माझ्याकडे बघते, आणि ते डोळे—

मी ओळखते ते डोळे.

पुन्हा उडाली. माझ्यामुळे. किती वेळ फिरणार ती, कुठे टेकणार— बाबा, या. बसा. आता नाही हलवत हा—