दुसऱ्याच्या तोंडून नको

३ मार्च २००८, सोमवार

आले होते. दोघं. इलाइतियाकाका आणि पाद्रीबाबा. चहा घेतला, बन खाल्ले, नदीला पाणी किती चढलंय यावर अर्धा तास बोलले. मग काकांनी मांडी बदलली. काकांनी मांडी बदलली की खरं काम निघतं.

"असेनाथा, वर्ष उलटलं आता. सेमिसीच्या घरचे तांबुआ घेऊन येणार म्हणतात."

तांबुआ! देवमाशाचा दात, वेणीच्या दोरीत ओवलेला. माझ्यापुढे धरणार, काका गोड गोड बोलणार, मी तो दात हातात घेतला की मिटलं. अपोरोसाचं मरण गावापुरतं संपलं. त्यानंतर मी त्याविषयी ब्र काढला तर दोष माझा.

"कागद पण आणणार का?" मी विचारलं.

पाद्रीबाबा खोकले. "कागद... हो. एक छोटासा."

छोटासा म्हणे! तो ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीला जायचाय. 'कॅप्टन सेमिसीविषयी माझी काही तक्रार उरलेली नाही.' खाली माझी सही. म्हणजे सेमिसीवरची त्या देशाची प्रवेशबंदी उठेल, त्याचं नाव धुऊन निघेल, आणि त्याला बाहेरदेशी शांतिसेनेत अधिकारी म्हणून जाता येईल.

शांतिसेनेत! सेमिसी!

हसू आलं मला. पाद्रीबाबांना वाटलं, मी तयार आहे.

४ मार्च

झोप नीट झाली नाही. राग आला की मला भूक लागते. सकाळी सकाळी अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली, खाल्ली, आता लिहायला बसले.

अपोरोसाने काय केलं होतं? सुतार माणूस. सत्ता बंदूकवाल्यांच्या हाती गेली तेव्हा रेडिओवर लोकांचे फोन घेत होते. याने केला फोन. एकच वाक्य बोलला – "बंदूक घेऊन आलेला पाहुणा उठायचं कधी ते विसरतो." बस्स. बुधवारी गाडी आली. सेमिसी पुढे बसला होता, शेजारच्या आळीतला, आमच्या अंगणात वाढलेला. म्हणाला, "काकी, तासाभरात आणून सोडतो."

शनिवारी पहाटे अपोरोसा नदीकाठी मेलेला सापडला.

पोलिसांच्या कागदात – शुक्रवारी संध्याकाळी सुटका, वाटेत पाय घसरून पडला. माझा नवरा! चाळीस वर्षं छपरांवर चढला आणि सपाट वाटेवर पडला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचं चर्चच्या कपाटातल्या पुस्तकांनी शिकवलं, आणि बनांच्या पुड्यांच्या वर्तमानपत्रांनी. पण वकिलातीत मी एकटी गेले. राजधानीला, सुवाला, बसने. तिथल्या बाईने सगळं टिपून घेतलं. सेमिसीची जन्मतारीखही विचारली. मला पाठ होती, त्याच्या बारशाला मीच केक केला होता.

बंदी माझ्या एकटीच्या सांगण्यावरून लागली नाही, हे मला कळतं. पण माझ्या जबानीची शिक्का मारलेली प्रत माझ्या पेटीत आहे. जगात हा एकच कागद आहे ज्यावर त्याचं नाव आणि त्याची करणी शेजारी शेजारी लिहिलेली आहे. तो मी पुसू?

८ मार्च, शनिवार

चर्चच्या ओसरीवर विणायला बसलो होतो. केलेरा माझ्या शेजारी. वीस वर्षं तीच जागा. सेमिसीची आई, पण माझी केलेरा.

सहीचं काही विचारलं नाही तिने. ती कधीच विचारत नाही. केवड्याची पानं चिरत राहिली.

तिची लेक उनैसी ब्रिस्बेनला असते. आठवा लागलाय. पहिलं बाळ. आमच्यात पहिले चार दिवस बाळाला खाली ठेवत नाहीत, घरातल्या बायका आळीपाळीने हातावर धरतात. तिथे कोण धरणार? नवरा कामावर. आजीने जायला हवं. पण बंदी घरच्यांनाही आहे, आई-बाप, बायको-मुलं सगळ्यांना. केलेराच्या अर्जाला नकार आला.

"पाय सुजलेत म्हणते गं उनैसीचे," एवढंच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अपोरोसा गेला त्या दिवशीची आठवण येते. पोलीस सांगून गेले आणि तास झाला नसेल, केलेरा दारात. डोक्यावर मयताची मोठी चटई, चारी कडांना नवीकोरी लाल-हिरवी लोकरीची झालर. सगळ्यांच्या आधी आली. माझ्या रक्ताची माणसं दुपारी उगवली. चटई अंथरली आणि माझ्या मागे येऊन बसली, मला टेकायला पाठ पाहिजे म्हणून. हे मी कधी विसरणार नाही.

१२ मार्च

सुचलं! त्याला नाही, तिला जाऊ द्या. तसंच वकिलातीला लिहिलं. 'मुलाने केलं ते आईने केलेलं नाही. केलेराला सोडा. सेमिसीला सोडू नका.' दोनदा उतरवून काढलं. पोस्टात स्वतः टाकलं.

२७ मार्च

उत्तर आलं. सभ्य भाषा, जाड कागद. नियम सरसकट आहे, अपवाद करता येत नाही, आपल्या दुःखात सहभागी आहोत.

नेमकी बंदी म्हणतात हे लोक तिला. मागच्या बंडाच्या वेळी सगळ्या देशावरच बंदी आली, शिवणकारखाने बसले, पोरी घरी आल्या आणि बंदूकवाले मजेत राहिले. म्हणून आता माणसं निवडून बंदी. मला पटलं होतं ते. अजूनही पटतं. पण तुम्ही नेम धरला त्याच्यावर आणि लागलं हिला! आणि पुन्हा 'आपल्या दुःखात सहभागी'. याल का मग? चार दिवस बाळ धरायला?

इलाइतियाकाकांना पत्र दाखवलं. म्हणाले, "बघ. आता तुझी सही हाच एक रस्ता."

बघते तर मी आहेच.

५ एप्रिल, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सभाघर भरलेलं. यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, मोठं परातीएवढं भांडं मधे. पुढे सगळे पुरुष. सेमिसी मधोमध, गणवेश नाही, फुलांचा शर्ट, मान खाली. केलेरा मागच्या दाराशी बायकांत.

काका बोलले. त्यांचं कामच ते, गावाच्या वतीने बोलायचं, त्यांच्या बापाचंही तेच. सुंदर बोलतात, खोटं कशाला सांगू. म्हणाले, लेकराकडून चूक झाली.

चूक! भाजीत मीठ जास्त पडलं तर चूक.

तांबुआ माझ्यापुढे धरला. सगळं सभाघर माझ्या हातांकडे बघतंय. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"काका, छान बोललात. पण हे तुम्ही बोललात. अपोरोसाला तुम्ही नेलं होतं का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"अगं, रीत आहे ही! अपराध्याने बोलायचं नसतं. मान खाली घालून बसायचं."

"मग रीत अपराध्याच्या सोयीची झाली. तुम्ही दमायचं आणि त्याने नुसतं बसायचं! बुधवार ते शनिवार काय झालं ते त्याने सांगावं. त्याच्या तोंडाने. दुसऱ्याच्या तोंडून मला नको. सांगितलं की दात घेते, डोक्याला लावते आणि त्या कागदावर सही करते. आत्ता. पेन आहे माझ्याकडे."

आणि होतंच. कमरेला खोचून नेलं होतं. म्हणजे मी सही करायला तयार होते. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या गाव म्हणेल, ही आधीच ठरवून आली होती. नव्हते आले. खरं ऐकायला मिळालं असतं तर त्याला सोडलं असतं मी. केलेरासाठी सोडलं असतं.

सेमिसीने मान वर केली. किती बारीक झालाय!

"काकी, शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः त्यांना छावणीच्या फाटकापर्यंत सोडलं. चालत गेले. हसत गेले. पुढचं मला ठाऊक नाही."

हसत.

"अपोरोसाला शेवटची आंघोळ मी घातली," मी म्हटलं. "तो हसत गेला की नाही ते माझ्या हातांना विचार."

मागच्या दाराशी काहीतरी पडलं. केलेराचा पंखा. ती उठली, पंखा न उचलता बाहेर गेली.

मीही उठले. बायकांनी मागच्या दाराने जायचं असतं. मी पुरुषांच्या मधून पुढच्या दाराने गेले. कोणी अडवलं नाही. पाद्रीबाबांनी तर पाय आवरून घेतले.

६ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. सहा जणींचा बाक. पाय पसरून बसले.

९ एप्रिल

कोणी आलं नाही. कसावा उकडून एकटीने खाल्ला. मऊ झाला होता.

१४ एप्रिल

नळावर ऐकवलं. "एका बाईच्या हट्टापायी बिचारी म्हातारी नातवंडाला मुकणार." मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, माझ्याकडे न बघता. मी बादली भरली. म्हटलं, "हट्ट माझा, आणि बंदूक कोणाची होती गं?" बादली घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं, इतक्या तोऱ्यात चालत होते.

घरी येऊन रडले मात्र. त्यांनी केलेराचं नाव घेतलं म्हणून.

केलेरा ओसरीवर येत नाही. तिच्या जागेवर तिची सुरी आणि अर्धी चिरलेली पानं तशीच आहेत. मी कोणाला उचलू दिली नाहीत.

तुला विचारते, अपोरोसा. एवढंच एकदा. तू असतास तर सही केली असतीस? तू केली असतीस बहुतेक. कोणाचंही दार दुरुस्त करून द्यायचास तू, आपलं मोडकं ठेवून.

मी नाही करणार.

२४ एप्रिल

उनैसीच्या बाळासाठी चटई विणली. लहानशी, दोन हातांची. कोणाबरोबर तरी पाठवीन. आज झालर लावली – पिवळी आणि निळी. एवढ्याशा चटईला अख्खा दिवस गेला. लोकर गाठीगाठीने लावायची, घाई केली की वाकडी दिसते. बोटं सोलवटली. बरं वाटलं.

२९ एप्रिल

मुलगी झाली. नळावर कळलं. मला कोणी सांगितलं नाही, मी तिथे आहे हे विसरून बोलल्या.

चार दिवस. मी मोजतेय. केलेराही मोजत असेल, रिकाम्या हातांनी.

३ मे, शनिवार

केलेरा आली. महिन्याभराने. बाळाची चटई मी तिला दाखवली. झालरीवरून बोटं फिरवत बसली.

"या झालरीला किती वेळ लागला?"

"एक दिवस."

"अपोरोसाच्या चटईच्या झालरीला मला किती लागला असेल?"

"दोन. केलेरा, ती केवढी मोठी—"

आणि मी थांबले. मी विणकरीण! सव्वा वर्ष ती चटई डोळ्यांपुढे आहे, आणि तासाभरात नवी झालर आली कुठून, हे मला सुचलं नाही.

"गुरुवारी सकाळी सेमिसीचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणाला, आई, काकींकडे जायची तयारी ठेव. मी लगेच नौसोरीच्या बाजारात जाऊन झालरीची लोकर आणली."

गुरुवारी. म्हणजे त्या शुक्रवारच्या सुटकेच्या आधीच.

मग तिनेच माझी वही माझ्यापुढे सरकवली.

"वकिलातीला लिही. मी सांगते तसं."

"हे गेलं तर तुझी बंदी कधीच उठणार नाही. बाळ—"

"लिही म्हणते ना! इलाइतियाला बोलवू नकोस. मीच बोलते."

पेन माझ्याकडे होतंच.