सोबतीची फेरी

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू बरी असशील, चष्म्यांचं दुकान नीट चालत असेल आणि पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न उघडताच फाडलं नसशील, अशी आशा करते. दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही. मीही काही लिहिलं नाही. आईच्याच मुली आपण, फुगून बसण्यात कुणी कुणाला हार जाणार नाही.

माझं ठीक चाललंय. शाळेतल्या माझ्या खेळाच्या खोलीला नवी खिडकी बसली, पण वास गेला नाही. ओलसर गाद्या, कुबट बूट, पोरांच्या घामाने कडक झालेल्या लाल-पिवळ्या बंड्या. खोटं कशाला सांगू, मला तो वास आवडायचा. काल मात्र नाक दाबून आत गेले.

काल आमचा क्रीडादिन होता. आमच्या शाळेत शेवटची शर्यत तिसरीच्या वर्गाची असते, तिला ‘सोबतीची फेरी’ म्हणतात. झालं असं होतं, की खूप वर्षांपूर्वी एक मुलगी पहिली आली, तिने मागे पाहिलं तर तिची मैत्रीण पडून रडत होती. ही धावत परत गेली आणि तिचा हात धरून तिला घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते बघून मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिथेच घात झाला. पुढच्या वर्षी ते कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं.

आता पुढची पोरं फितीला हात लावतात, शिट्टी ऐकून मागे वळतात आणि जो शेवटी असेल त्याला धरून सगळा वर्ग एकदम रेषा ओलांडतो. शाळेचे फादर ‘शेवटचे ते पहिले होतील’ हे ठरलेलं प्रवचन करतात. पालक रुमाल काढतात. या उत्स्फूर्त प्रेमाची आम्ही आधी चार वेळा तालीम घेतो. तालमीत उगाच हसणाऱ्याला मी मैदानाबाहेर काढते, म्हणजे बघ.

कालही सगळं छान झालं. वर्गात एक मुलगी आहे, तिचा एक पाय आखूड आहे. जाड तळव्याचा बूट घालते, त्याच्या आवाजावरून पोरं तिला टकटक म्हणतात. ती शेवटच्या वळणावर थांबली. बूट सैल झाला म्हणे. मग सगळे परत गेले, तिला धरून आणलं, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला, टाळ्याच टाळ्या. मुख्याध्यापिकाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “यंदाचा फोटो थेट पहिल्या पानावर!” त्यांच्या तोंडाला संत्र्याच्या सरबताचा वास येत होता. मी मुतारीत जाऊन ओकले. ऊन लागलं असेल.

बाकी विशेष नाही. तुझा गुडघा आता

सोमवार, दुपार, खेळाची खोली

काल इथवर लिहून पेन ठेवलं. तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला माझी जीभ धजेना, हाताचं तर सोडच.

ऊन लागलं नव्हतं, ताई. बूटही सैल झाला नव्हता.

टकटक कधीच शेवटची नसते. ती शेवटून तिसरी येते. दंतवैद्यांची लेक दमून चालायला लागते आणि दुसरी एक धावतानाही गप्पा मारते, त्या दोघी तिच्या मागे. तीन महिने ही पोरगी मधल्या सुट्टीत एकटी फेऱ्या मारत होती. रोज येऊन मला सांगायची, “बाई, आजपण माझ्या मागे दोघी!” दुसऱ्या कुणाला शर्यत जिंकल्याचा इतका आनंद झालेला मी पाहिला नाही.

गुरुवारी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, “सोबतीच्या फेरीत यंदा शेवटी कोण असेल?”

“दंतवैद्यांची मुलगी, बहुतेक.”

“छे, तिला घेऊन फोटोत काय दिसणार? जाडं पोर दमलंय, एवढंच. ती बूटवाली नाही का शेवटी?”

“ती शेवटी येत नाही, बाई.”

“मग येऊ दे की. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि तिचंच कौतुक होणार आहे ना?”

समोरच्या बशीतलं बिस्कीट त्यांनी सरबतात बुडवून खाल्लं. मला त्यांची किळस आली, आणि त्या किळसेसकट मी म्हणाले, “सांगते तिला.” एका शब्दाने नाही म्हटलं नाही. नोकरी जाईल अशी भीतीसुद्धा नव्हती. होयबाची सवय, बाकी काही नाही.

शनिवारी सकाळी मी तिच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले. म्हटलं, “शेवटच्या वळणावर नाडी सुटली असं दाखव आणि थांब. सगळे तुझ्यासाठी परत येतील, मजा येईल.”

ती म्हणाली, “पण मग मी शेवटची येईन ना?”

“आजच्या दिवस.”

तिने मान डोलावली. बाईंनी सांगितलंय म्हणजे ऐकायचंच, हेसुद्धा मीच शिकवलेलं. त्या दोघी तिला मागे टाकून पुढे जाईपर्यंत ती नाडीशी चाळा करत बसली, ते मी पाहिलं आणि शिट्टी वाजवली. नंतर सगळे खाऊच्या टेबलाकडे पळाले, तेव्हा ती माझ्यापाशी आली. “बाई, मी नीट हरले ना?”

मी म्हटलं, “शाब्बास.” थू माझ्या तोंडावर!

ताई, आता तुझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मला आदर्श शिक्षिका म्हणून बक्षीस मिळालं, तेव्हा मी तुझ्यावर भाषण केलं. माझी अधू पायाची ताई मैदानाबाहेर बसून माझे बूट सांभाळायची, तिच्या वाट्याचं मी धावले वगैरे. तू तिसऱ्या रांगेत होतीस. टाळ्या संपायच्या आत उठून गेलीस. मी सगळ्यांना सांगत फिरले, की ताईला कौतुक सोसत नाही. पण तू मैदानाबाहेर का बसायचीस ते भाषणात नव्हतं. रिलेसाठी तुझं नाव होतं. ताई असली की आपण हरतो, असं आपल्या शाळेतल्या खेळाच्या बाईंना मी जाऊन सांगितलं आणि तुझं नाव खोडलं गेलं. तू मला कधी विचारलं नाहीस. तुला ठाऊक असणार, असं मला कायम वाटत आलंय.

आज सकाळी प्रार्थनेनंतर मी माईक हातात घेतला. सगळ्या शाळेसमोर म्हणाले, “शनिवारी ही मुलगी शेवटची नव्हती. तिला थांबायला मी सांगितलं होतं.” फादर बुटांकडे बघत राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी माईक काढून घेतला आणि दात न उघडता म्हणाल्या, “कबुली द्यायची ही जागा नव्हे.” चार वाजता केबिनमध्ये हजर व्हायचंय. काय सांगतील ते दिसतंच आहे, म्हणून शिट्टी आणि किल्ल्या टेबलावर काढून ठेवल्यात.

मला वाटलं होतं, टकटक हसेल. कसली हसते! मधल्या सुट्टीत समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मग परत लावा शर्यत.”

लावली. चुना नव्हता, बुटाच्या टाचेने रेष ओढली. मागे वळायचं नाही, असं आधीच बजावलं आणि कुणी वळलं नाही. टाळ्या नाहीत, फोटो नाही. ती शेवटून तिसरी आली. कमरेवर हात ठेवून धापा टाकत मागच्या दोघी येईपर्यंत थांबली, त्यांना मोजलं आणि पाणी प्यायला गेली. माझ्याकडे तिने पाहिलंदेखील नाही.

माफ कर असं लिहीत नाही. शनिवारनंतर कुणाकडून काही करून घ्यायची मला शिसारी बसलीय. तुला लिहावंसं वाटलं नाही, तर लिहू नकोस.

चार वाजत आले.

तुझ्या पायावर टाळ्या घेतलेली,
तुझी धाकटी