ब तुकडीला सांगायचं नाही

१० ऑगस्ट २००६, अमरावती
मुदतवाढ मिळाली. ही शेवटची, असं विद्यापीठाने स्पष्टच कळवलंय. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. आणि पीएच.डी. नाही म्हणजे वलगावच्या कॉलेजात निघणारी इंग्रजीची कायम जागाही नाही. तिथेच तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केस पांढरे व्हायला लागले.
सुनील म्हणाला, "मिळाली ना मुदत, मंग आता तरी हस."
हसले. तेवढ्यात नवऱ्याची आवडती भेंडी करपली.

२० ऑगस्ट, अकोला
रविवार. सरांकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडे, जाऊन आराखडा पक्का केला. बी.ए. भाग एकच्या सक्तीच्या इंग्रजीच्या दोन तुकड्या. अ तुकडीत माझी पद्धत. मुलामुलींनी जोड्या करून गोष्ट आधी आपल्या बोलीत एकमेकांना सांगायची, मग तीच इंग्रजीत, चुकतमाकत. मी मध्ये तोंड घालायचं नाही. ब तुकडीत नेहमीचंच, म्हणजे मी वाचणार, अर्थ सांगणार, उत्तरं लिहून देणार. दोन्ही तुकड्यांच्या बोलण्याच्या तीन चाचण्या, शेवटची फेब्रुवारीत. अ पुढे गेली की प्रबंध उभा राहिला.
सर म्हणाले, "अ मध्ये काय चाललंय ते ब ला सांगायचं नाही. तुलना शुद्ध राहिली पाहिजे."
हो म्हटलं. सरांकडचा चहा नेहमीसारखा पाणचट. मुक्काम आईकडे. आई म्हणते, "एकाच पंगतीत अर्ध्यायले वाढतं अन् अर्ध्यायले नाही, हे कोणतं संशोधन वं?" आईला सगळं पंगतीतच दिसतं.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. गुलाब मिळाला, काट्यांसकट.
एकच पाठ दिवसातून दोनदा. सकाळी अ मध्ये बाजार भरल्यासारखा गलका, घसा न वापरता तास संपतो. दुपारी ब मध्ये मी वाचते आणि पंखा फिरतो. मुद्दाम कोरडं शिकवणं चांगलं शिकवण्यापेक्षा जास्त दमवतं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.
ब मध्ये पहिल्या बाकावर प्रणाली बसते. वलगावपलीकडच्या खेड्यातून एसटीने येते, आई मजुरीला जाते. तास सुटल्यावर म्हणाली, "म्याडम, अ वाल्यायले तुमी बोलू देता म्हणे. आमी काय केलं?"
"तुमचीही वेळ येईल," म्हटलं. खोटं बोलले. दिवसभर तोंड कडू.

१३ ऑक्टोबर
पहिली चाचणी. एकेकाला बोलावून चित्र दाखवायचं, त्याने इंग्रजीत सांगायचं. ब मधला एक जण आत आला तोच हात जोडून. "म्याडम, हा कोणता सर्वे? आमच्या घरी मागच्या महिन्यात तिघं येऊन गेले. बाले इचारलं, आईले इचारलं, बैल मोजले."
म्हटलं, हा सर्वे नाही.
"याच्यात काही भेटते का?"
"नाही."
"मंग ठीक आहे. भेटते म्हणणारे पुन्हा येतच नाहीत."
शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्यापासून खेड्याखेड्यांत हेच. बाहेरच्या गाड्या येतात, विचारतात, जातात. या पोरांच्या लेखी मीही त्यातलीच, फक्त माझी गाडी नाही.
निकाल: दोन्ही तुकड्या सारख्याच कच्च्या. सर खूश. म्हणाले, महिन्याभराने फरक पडत नसतो, ही सुरुवातच धरा, आणि सुरुवात सारखी हवीच.

२४ नोव्हेंबर
वेचणी सुरू. वर्ग निम्मे. मुली सकाळी कापूस वेचून आल्या तर दुपारी येतात, ओढण्यांना कापसाचे तंतू चिकटलेले.
दुसरी चाचणी झाली. अ सुधारली. ब सुद्धा सुधारली. जवळजवळ तेवढीच. कसं काय?
सरांना फोन. "प्रश्न फुटले असतील." अहो, चित्र बघून बोलायचं, त्यात फुटायचं काय? तरी चित्रं बदलून पुन्हा घेतली. पुन्हा तेच. प्रणाली तर अ मधल्या कित्येकांपेक्षा सरस बोलली. अडली तर घाबरत नाही, वळसा घालून सांगते. हे मी तिला शिकवलेलं नाही. शिकवायचं नाही असं ठरवून शिकवलेलं नाही.
रात्री सुनीलला म्हटलं, माझ्या पद्धतीत काही दम नाही बहुतेक. तो म्हणाला, जेव.

९ डिसेंबर, शनिवार
अकोल्याला जायचं होतं. अमरावतीला उलटं जाण्यापेक्षा वलगावहूनच दर्यापूर गाडी धरली, तिथून पुढे अकोला. म्हणून कळलं, नाही तर कधीच कळलं नसतं.
गाडी खचाखच. मी मागून तिसऱ्या रांगेशी, दांडीला धरून. मागच्या लांब सीटवर रुबीना, अ तुकडीतली, बापाचं गाद्या भरायचं दुकान आहे ती. शेजारी प्रणाली, आणि भोवती ब मधलीच आणखी दहाबारा पोरंपोरी, काही बसलेली, काही उभी. प्रणाली सहा डिसेंबरला घरच्यांबरोबर दादरला चैत्यभूमीवर गेली होती, तिचे दोन दिवस बुडाले होते. रुबीना म्हणत होती, "आधी आपल्या भाषेत सांग. घाई नको करू. चुकलं तं चुकलं, म्याडम काही म्हणत नाही." प्रणालीने दादरची गर्दी सांगितली. मग इंग्रजीत. अडली. रुबीनाने हात पुढे करून नुसती वाट पाहिली, मी पाहते तशी. अगदी माझाच हात.
मग त्यांनी मला पाहिलं.
"हे कधीपासून?"
"पयल्या दिवसापासून, म्याडम. गाडीत काय काम राह्यते दुसरं?" रुबीनाला काही चुकल्याचं वाटतच नव्हतं. "एका डब्यात जेवतो आमी. माह्याजवळ आहे अन् तिले नाही देलं, असं कसं करू?"
आधी राग आला. मग हसू. महिनोन्महिने मी ज्या पाण्याला बांध घालत बसले, ते रोज संध्याकाळी एसटीने पलीकडे जात होतं. आणि पद्धत चालते. मी नसताना, हलत्या गाडीत, उभ्याने. पण ते दाखवणार कसं? दोन्ही तुकड्या सारख्या आल्या म्हणजे कागदावर पद्धत फसली.

१० डिसेंबर, अकोला
सर शांतपणे ऐकत होते. मी म्हटलं, गाडीवरच लिहू का? म्हणाले, "तो वेगळा प्रबंध. नवा आराखडा, नवी नोंदणी. आहे वेळ?"
नाही.
"मग त्यांना थांबवा. फेब्रुवारीपर्यंत तरी. नाही थांबले तर ब मधले गाडीवाले सगळे वगळून टाका, उरलेल्यांची तुलना करा. तळटीप द्या."
आईकडे दिवाणावर बसून उरलेल्यांची नावं पाहिली. वलगावातल्याच मुली, ज्या गाडीने येत नाहीत. आणि वेचणीमुळे वर्गातही फारशा येत नाहीत. त्यांचे गुण खाली असणारच. त्यांच्याशी तुलना केली तर अ जिंकेल, पद्धत जिंकेल, जागा मिळेल. का, तर त्या मुली शेतात होत्या म्हणून.
आईने विचारलं, काहून गप्प? डोकं दुखतंय म्हटलं. दुखतच होतं.

१२ डिसेंबर
रुबीनाला बोलावलं. दोन महिने गाडीत अभ्यास नको, आणि कारण कोणाला सांगू नकोस. तिने विचारलं, "प्रणालीले बी नाही?"
"तिला तर नाहीच."
"ठीक आहे, म्याडम."
'जी' म्हणते ती एरवी. आज 'जी' आलंच नाही.

१६ जानेवारी २००७
प्रणालीचा बाक रिकामा. कालही, त्याआधीही. रुबीनाला विचारलं.
"वेचाले जाते आईसंग. म्हणते, कालेजात येऊन काय करू, पंखा पाहू?"
"तुम्ही दोघी...?"
"बोलत नाही माह्यासंग. तिले वाटते, अ मध्ये हाओ म्हणून मले मस्ती आली. डबा बी वेगळा." मग हळूच, "तुमी सांगू नको म्हणलं होतं, म्हणून मी सांगतलं नाही."
मला लाज वाटली. सरळ लिहून ठेवते, लाज वाटली. प्रणाली चाचणीला आली नाही तर माझे आकडे आणखी छान दिसतील. हे डोक्यात आलंच.
रुबीनाला म्हटलं, आज तिच्या घरी जा. सगळं सांग. मीच बंद करायला लावलं होतं, हेही सांग. आणि ये म्हणावं.
"आली नाही तं?"
तिच्या हातावर तिकिटाचे पैसे ठेवले.

१९ जानेवारी
नाही आली. सरांचा फोन: ब चे आकडे कधी? म्हटलं, बघते.

२३ जानेवारी
नाही.

२९ जानेवारी
कणकण, अंग मोडून आलंय. तरी गेले. ब तुकडीत शिरले तर प्रणाली बाकावर. माझ्याकडे पाहिलं नाही, पुस्तक काढून मान खाली. बोटांची टोकं फाटलेली, बोंडांनी. वलगावातल्याही तिघी आल्या होत्या.
पुस्तक उघडलं. वाचायला सुरुवात केली. दोन ओळी वाचल्या आणि पुढे वाचवेना. आता नाही होत माझ्याने.
पुस्तक मिटलं. म्हटलं, जोड्या करा. आधी आपल्या बोलीत... आणि पुढे कसं समजावायचं ते शोधत राहिले. अ तुकडीला हे समजवायला आठवडा गेला होता.
बाक सरकल्याचा आवाज. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा वर्ग एकमेकांकडे तोंड करून बसला होता. प्रणाली वलगावातल्या मुलींपैकी एकीच्या शेजारी जाऊन बसली. तिला म्हणाली, "घाई नको करू." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"तुमी बसा, म्याडम. आमाले येते हे."
बसले.
सरांचा फोन दोनदा येऊन गेलाय. उद्या करीन. काय सांगायचं ते ठरलंय: तुलना मोडली, मी मोडली.