डाव्या पायाचं दुसरं बोट

प्रिय ताई,

काल मी दुकानात दिवसभर उभी होते आणि घरी आल्यावर पाय गरम पाण्यात न बुडवता थेट स्वयंपाकाला लागले. घरातले दोघं बापलेक नुसते बघत राहिले. ऑपरेशनला तीन महिने झाले, त्यानंतरचा हा माझा पहिला पूर्ण दिवस.

बावीस वर्षं मी लोकांच्या पायांत बूट चढवते. पुढे बोटांना जागा ठेवा, असं प्रत्येकाला बजावते. स्वतःचं मात्र दिव्याखाली अंधार. काउंटरवर बरे दिसतात म्हणून टोकदार, अरुंद बूट. बोट वाकून हातोडीसारखं झालं, वर घट्टा आला, तरी मी गप्प. शेवटी एका आजीबाईंनी मला लंगडताना पकडलं. म्हणाल्या, "बूट मला नंतर दाखव, आधी तुझा पाय डॉक्टरला दाखव."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पायांची बोटं हाताने सरळ करून पाहिली. उजवं अजून लवत होतं. त्याला रुंद बूट, मऊ पट्टी आणि बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा व्यायाम एवढ्यावर भागलं. डावं पार ताठलेलं, म्हणून त्याचं छोटं ऑपरेशन. महिनाभर बोटातून बारीक तार बाहेर डोकावत होती. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आता हिच्यावर रेडिओ लागतो." हसून हसून माझी मुरकुंडी वळायची.

डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, वेळेवर आला असतात तर डावंही ऑपरेशनशिवाय निभावलं असतं. ते मनातून जाईना, कारण त्याच आठवड्यात तू मला बघायला आली होतीस. टेबलाखाली चमचा पडला म्हणून मी वाकले, तर तू बूट काढून बसलेली आणि तुझंही तेच बोट, तस्संच वाकलेलं. वेळ मिळत नाही म्हणून टेकडीवर फिरायला जाणं सोडलं, असं तू मागे सांगितलं होतंस आणि मीही ते खरं मानलं होतं. आपण दोघी सारख्याच लबाड.

तुझं बोट अजून लवत असेल, ताई. गुरुवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. साडेनऊला मी तुझ्या दारात येते. सबबी शोधू नकोस, त्या सगळ्या माझ्या वापरून झाल्यात. येताना दोघी चालत येऊ, हळूहळू, वाटेत दोनदा बसून.

तुझीच,
धाकटी