रेंजवर काय हललं

९ सप्टें., सोम.
निनादला टेकाँग बेटावर, सैन्याच्या ट्रेनिंगला, सोडून आलो. फेरीबोटीत समीर त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता, मला दोघांचंही काही ऐकू येत नव्हतं. इथल्या प्रत्येक मुलाला सैन्यात दोन वर्षं काढावी लागतात. आम्ही इथला कायमचा रहिवास, PR, घेतला तेव्हा नि. बालवाडीत होता आणि हे सगळं फार लांब होतं.
त्याची खोली दाखवली. लोखंडी खाटा, पंखे, सगळ्या उशा एका रेषेत. मग शपथ. एवढी मुलं, चिनी, मलय, तमिळ, त्यात आमचा एक. सगळ्यांचे हात एकदम वर गेले. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.
कॅन्टीनमध्ये आईबापांना जेवण. समीरनं दोनदा भात घेतला. घाबरला की खातो.

२१ सप्टें., शनि.
आज पहिल्यांदा घरी. डोकं तुळतुळीत, मानेवर उन्हाचा पट्टा. वरणभात, बटाट्याची भाजी, मग झोप. उठल्यावर म्हणाला, "आई, रायफल मिळाली."
कशी धरायची ते व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर दाखवलं. बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही, बाजूला सरळ. "ठरवेपर्यंत बाहेर." समीरनं गंमत म्हणून नळी घेतली आणि माझ्यावर रोखली. नि. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, खाली. माणसावर नाही."
समीरनं नळी खाली केली. हसलं कोणीच नाही.

२३ सप्टें., सोम.
लिफ्टमध्ये शेजारचे मि. टॅन. सत्तरीचे, रोज सकाळी कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची, प्लॅस्टिक पिशवी बोटाला अडकवून येतात. "युवर बॉय गो इन ऑलरेडी आ? विच कंपनी?" मी सांगितलं. मग लिफ्टचं दार पायानं अडवून त्यांनी मला मशीनगन सुटी कशी करायची, परत कशी जोडायची ते सांगितलं. हात हवेत झरझर चालले होते. पिशवी हिंदकळत होती.
इतकी वर्षं या शहरात राहते. पोलिसाच्या कमरेची सोडली तर बंदूक पाहिलेली नाही. घरात एक गोळी सापडली तरी तुरुंग. आणि हॉकर सेंटरमध्ये नूडल्स वाढणारा, MRT च्या डब्यात झोपलेला, माझ्या लॅबमधला तो लाजाळू केल्विन, सगळ्यांच्या हातांना ती माहीत आहे. केवढी मोठी गोष्ट हे लोक खिशात ठेवून हिंडतात. दिवसभर माणसांचे हातच बघत राहिले.

१२ ऑक्टो., दसरा
नि. घरी. पाटावर दोन लॅपटॉप, समीरचे स्क्रूड्रायव्हर, माझी विळी. व्हिडिओवर कोथरूडहून सासूबाई. "अरे, घरात खरा शिपाई असताना स्क्रूड्रायव्हर कसले पुजताय?"
"आजी, रायफल घरी आणली तर मला आत टाकतील."
"बरं. पण मारायचंय कुणाला? तुमचं भांडण कुणाशी आहे तिथे?"
"कुणाशीच नाही, आजी. तसंच राहावं म्हणून शिकवतात."
सासूबाई स्क्रीनच्या जवळ आल्या. मग मला म्हणाल्या, "विद्या, त्याच्या हाताला लाव कुंकू."
लावलं. पुढच्या आठवड्यात खऱ्या गोळ्या.

१६ ऑक्टो., बुध.
लॅबमध्ये जेवताना कुणाच्या तरी फोनवर युद्धाचा व्हिडिओ. ड्रोनमधून. शेतातून एक माणूस पळतोय, वर बघतो, हात हलवतो. मग धूर. केल्विन म्हणाला, "ही वॉज वेव्हिंग." कोणीतरी फोन पालथा ठेवला. बटण दाबणाऱ्याला तो हात दिसला असेल ना? दिसला असेल तर...

१९ ऑक्टो., शनि.
सगळं लिहून ठेवते, त्याच्याच शब्दांत जमेल तितकं.
बुधवारी रेंज. खड्ड्यात उभं राहून गोळ्या झाडायच्या. समोर माणसाच्या आकाराचे पुठ्ठे उभे राहतात, लागले की पडतात. नि.चे एकामागून एक पडत होते. सार्जंट मागून म्हणत होता, गुड, गुड. आणि मग त्याला आपल्या पुठ्ठ्याच्या मागच्या झुडपात काहीतरी हललेलं दिसलं.
"काय?"
"हात. असं वाटलं. हाताचा रंग."
पहिल्या दिवशी शिकवलं होतं, धोका दिसला तर कोणीही ओरडायचं. अगदी नवा रिक्रूटसुद्धा. हा ओरडला, "सीझ फायर!" शेजारच्या वेई जिएनं ओरडून पुढे दिलं, मग त्याच्या शेजारच्यानं. सगळी रांग थांबली.
"एकदम, आई. लाइक समवन स्विच्ड ऑफ. फक्त पक्षी."
त्यानं पाण्याचा ग्लास संपवला. 
बंदुका रिकाम्या केल्या. लोक पुढे जाऊन झुडूप शोधून आले. काही नाही. रानडुकराच्या खुणासुद्धा नाहीत. मुलं उन्हात बसून राहिली, सगळं वेळापत्रक कोलमडलं. कोणीतरी पुटपुटलं, "घोस्ट, इज इट?" परत येऊन सार्जंटनं एवढंच विचारलं, "यू सॉ, ऑर यू थिंक यू सॉ?"
"मी म्हटलं, आय डोन्ट नो, सार्जंट."
आता कंपनी कमांडर बोलावणार आहे.
मला त्याला जवळ घ्यायचं होतं. घेतलं नाही. समोर बसलेला मुलगा माझ्या ओळखीचा आहे का, तेच नीट कळत नव्हतं. इतक्या बंदुका, आणि हा एकटा ओरडला.

२० ऑक्टो., रवि.
ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर चालायला गेलो, समीर आणि मी. समीरला काळजी. "डोळे तपासून घेऊ. भित्रा म्हणून शिक्का बसला तर दोन वर्षं कठीण जातील."
मी म्हटलं, भित्रा असता तर ओरडला नसता.
"अगं, पण तिथे काहीच नव्हतं."
"ते ओरडताना त्याला कुठे माहीत होतं?"
"आणि खरोखरची लढाई असती तर? हा थांबला असता आणि समोरच्यानं याला..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला. समुद्रात जहाजं नुसती उभी होती. 

२६ ऑक्टो., शनि.
डोळे उत्तम निघाले. कमांडरची भेट झाली. माणूस तिशीचा, शांत, म्हणे. त्यानं विचारलं, समोर खरा माणूस असेल तर गोळी घालशील? नि. म्हणाला, आदेश असेल आणि माझी खात्री असेल तर घालेन. खात्री नसेल तर? तर पुन्हा ओरडेन, सर.
"मग तो काय म्हणाला?"
"नथिंग. रेंजवर परत पाठवलं."
परत गेल्यावर सगळे पुठ्ठे पाडले. मार्क्समनचा, म्हणजे पक्क्या नेमबाजाचा, बिल्ला मिळाला. हे त्यानं जेवताना सांगितलं, आमटी वाढून घेताना, आणि मी पळी धरलेला त्याचा हात बघत होते. हाच हात. अभिमान वाटला, आणि त्याचबरोबर जे वाटलं त्याला शब्द सापडत नाही. देवीसमोर उभं राहिल्यावर वाटतं त्याच्या जवळपासचं काही. देवीच्या हातातही शस्त्र असतंच.

१६ नोव्हें., शनि.
ट्रेनिंग संपल्याची परेड. टोप्या उडाल्या, आरडाओरडा, समीरचे डोळे लाल. गर्दीत नि.चा सार्जंट भेटला. तो स्वतःच एकवीस-बावीसचा, ओठांवर नुकती मिशी. मला म्हणाला, "आंटी, दॅट डे आय वॉज व्हेरी अँग्री. झुडपात मी स्वतः गेलो होतो. जाताना देवाला म्हणत होतो, कोणी नसू दे. बाकी सगळे चिडलेले, मी घाबरलेलो." मग टोपी नीट करत, "माझ्या सेक्शनमध्ये असा एक असावा असं मला वाटतं. दोन असले तर काय करेन, माहीत नाही."
हसला. खरं बोलत होता.
पोस्टिंग पुढच्या आठवड्यात कळेल. इन्फंट्री किंवा ऑफिसमधलं टेबल. कमांडरनं काय शेरा दिलाय ते कोणालाच ठाऊक नाही.

१९ नोव्हें., मंगळ.
नि.ला सुट्टी, मीही घेतली. बंबोटनं, इथल्या छोट्या होडीनं, पुलाउ उबीन बेटावर, तिथे भाड्याच्या सायकली. माझी चेन दोनदा उतरली, त्यानं लावून दिली. पूर्वेच्या टोकाला लाकडी पुलावर बसलो. समोर पाण्यापलीकडे टेकाँग, त्याच्या ट्रेनिंगचं बेट, नुसती हिरवी रेघ.
विचारलं, तुला काय हवंय? टेबल का रायफल?
चेनचं काळं बोटांवरून पुसत राहिला. मग म्हणाला, "टेबल मिळालं तर माझ्या जागी दुसरा कोणीतरी उभा राहील. तो बघेल का, माहीत नाही. पण आई, मी बघत बसलो आणि वेई जिएला गोळी लागली तर?"
 सासूबाईंकडे उत्तर असतं, समीरकडेही. मी त्याला चिवडा दिला.
तेवढ्यात पलीकडून आवाज आले. बारीक, कोरडे, एकापाठोपाठ एक. नवी तुकडी रेंजवर असावी. त्याचं खाणं थांबलं. मान किंचित तिरकी, पापणी न हलवता ऐकत होता. असं ऐकताना मी त्याला आजवर पाहिलं नव्हतं.
मग आवाज अचानक बंद झाले. नुसतं पाणी.
"संपलं?" मी विचारलं.
"संपलं असेल," तो म्हणाला. "नाहीतर कोणीतरी थांबवलं असेल."
आम्ही तसेच बसून राहिलो, पुन्हा सुरू होतात का ते ऐकत.