गिधाड आपल्या छपरावर बसलं तेव्हा

प्रिय वन्सं,

काल तुमचं तेरावं झालं. जेवून हात धुता धुता तुमचे थोरले चुलते म्हणाले, "गिधाड बसलं घरावर, मग दुसरं काय हुनार?" आणि तुमचा भाऊ, माझा नवरा, मान हलवत बसला! हा संताप कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

गिधाडानं मारलं तुम्हाला?

यंदाच्या दुष्काळात रोज कुणाचं तरी जनावर माळावर ओढून टाकत होते. गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं. खडीच्या कामावरून येताना मी पदर नाकाला लावायचे, तुम्ही थांबून बघायचात. "तोंड काय फिरवतीस गं? ही हायेत म्हून गावाला वास न्हाई!" पोट तट्ट भरून उडता न येणाऱ्या एकाला तुम्ही हसून म्हणालात, "दमानं, पावनं!"

मग एक आपल्या छपरावर बसलं. अपशकुन! गिधाडं हुसकून लावायला सगळे गोफणी घेऊन माळावर धावले. तुम्ही आडव्या गेलात, तर भावानं सुनावलं, "माहेरी आलीस, तर गप ऱ्हा." सासरच्यांनी टाकून दिलेल्या बहिणीला! आणि तुम्ही गप्प बसलात? माझ्यावर तर दिवसभर ओरडायचात!

गिधाडं गेली. माळावर टाकलेले बैल तिथंच फुगले, फुटले. कुत्र्यांनी आतडी ओढत ओढ्यातल्या झऱ्यात आणली. सगळं गाव तेच पाणी प्यायलं. घरोघर जुलाब-उलट्या. बाकीचे कसेबसे सावरले. तुमचे मात्र दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंत डोळे आत गेले, ते परत उघडलेच नाहीत.

काल हे सगळं मी बैठकीत बोलले. चुलते गरजले, "बाईमानसानं मधी पडू नये!"

"बाईमानूसच गेलंय," मी म्हटलं. "वन्संना गिधाडानं न्हाई, तुमच्या गोफनींनी मारलं."

तुमचा भाऊ उठून बाहेर गेला.

आज शेजारची गाय मेली. ती माळावर ओढायला तोच गेला. कुणीतरी गोफण काढली, ती त्यानं हिसकावून घेतली. दुपारी आभाळात एक ठिपका दिसला, मग दुसरा. तो बराच वेळ वर बघत उभा होता. माफी मात्र नाही मागितली, तुमची नाही की माझी नाही. माझा राग गेलेला नाही वन्सं, जाणारही नाही.

एवढं वचन देते. या घरात कुणी विचारलं, "त्या कशानं गेल्या?" तर मी सांगेन, पाण्यानं. आणि ते पाणी कुणी नासवलं, तेही नावानिशी सांगेन. समोर चुलते असोत, नाहीतर तुमचा भाऊ.

तुमची भावजय,
शकू